ऐंशीवर थांबलेली गाडी

नाव वर नोंदवले आहे, गल्लीत टेलरबाई म्हणतात. वय ५६, धंदा शिवणकाम, राहणार बाजारामागची गल्ली, चावीवाल्याच्या दुकानावर पहिला मजला.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, माझे पती मंगळवारी दुपारी आमची बॅटरीवरची गाडी घेऊन घरातून गेले, ते अद्याप परतलेले नाहीत. ते टॅक्सी चालवत. स्टँडवर त्यांना ‘ऐंशीकाका’ म्हणत, कारण बॅटरी ऐंशी टक्क्यांवर गेली की ते वायर काढत. फास्ट चार्जरच्या वाटेला ते सहसा जात नसत. घाईघाईत खाल्लेले अंगी लागत नाही आणि तडस लागेपर्यंत कोणी जेवू नये, असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. मलाही ऐकवत. मी कंटाळले होते.

दोन वर्षांपासून त्यांना विसरायला होते. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितले. मी चावी लपवली, तर ते घरभर शोधत आणि रडत. ते मला बघवेना. म्हणून चावी खुंटीवरच ठेवली आणि गाडी पंधरा टक्क्यांच्या वर चार्ज होऊ दिली नाही. वीसच्या खाली गाडी काढायची नाही, हा त्यांचाच नियम. ते रोज खाली जात, आकडा बघत, “आज नको, उपाशी आहे,” म्हणत आणि वर येत. माझे नाव विसरले तरी हे विसरले नाहीत.

मंगळवारी मला एका लग्नाचे कपडे पोचवायचे होते, म्हणून नणंदेला त्यांच्याजवळ बसवले. ते तिला म्हणाले, “ताई, गाडी चार्जिंगला लाव गं.” भाऊ बऱ्याच दिवसांनी शहाण्यासारखे बोलला म्हणून तिला बरे वाटले आणि तिने लावली. पंधराची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. गिऱ्हाइकाने बाह्या पुन्हा उसवायला लावल्या, मला उशीर झाला. मी आले तेव्हा नणंदेचा डोळा लागला होता आणि गाडी नव्हती. मी तिला नको ते बोलले. तिची यात काही चूक नाही, हे लिहून घ्यावे.

माझ्या मोबाइलवर गाडीचा आकडा दिसतो. तो उतरत उतरत बाविसावर आला आणि मग चढू लागला. मला वाटले, देव पावला. गाडीच्या कंपनीकडून जागा काढली, ती तलावाकाठच्या पार्किंगची निघाली. आपले हवालदार आणि मी तिथे गेलो. गाडी कुलूपबंद, आरसे मिटलेले, वायर लावलेली, ऐंशीची मर्यादा घातलेली आणि चार्जिंग तिथेच थांबलेले. शेजारचा फास्ट चार्जर मोकळा असून त्यांनी हळू चालणारा घेतला होता. त्यांचे बूट मागच्या सीटखाली होते. ते नव्हते.

हवालदार म्हणाले, “ज्याला परत यायचं असतं तोच बॅटरीला एवढं जपतो, मावशी.” माणूस भला आहे. पण मी त्यांना सांगितले की ती नुसती सवय आहे, हात करतात, डोक्याला पत्ता नसतो. तलावात गळ टाकून तीन दिवस शोधले, पलीकडच्या रानातही शोधले. माझा कोणावर संशय नाही. आकडा मीच अडवून धरला होता आणि तेवढ्यावर विसंबून राहिले, एवढेच.

गाडी आपल्या आवारात उन्हात उभी आहे. ती सावलीत घ्यावी. फार दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी पन्नासवर आणून ठेवतात, ऐंशीवर ठेवत नाहीत, असे ते सांगत. तशी आणून ठेवावी, ही विनंती. हवालदारांनी विचारले, “फार दिवस म्हणजे किती धरू?”

जबाब मला वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. शेवटचा प्रश्न लिहू नका म्हटले होते, लिहिला गेला. राहू द्या.