पुलावरचं धान

लांजीच्या बसच्या रांगेत उमाच्या पुढे शेवंताबाई आणि तिचा ट्रकवाला पोरगा गजेंद्र उभे होते.

"जप्त केलेलं लायसन वापस भेटलं?"

"भेटलं, माय. माह्या धडकेनं पुलाले काहीच झालं नाही."

"मंग आतून भेग हाय म्हनून काहून बोंबलला तो इंजिनिअर?"

"मशीन लावून पुलाची थरथर मोजली. पयल्यापेक्षा मंद निंगाली, म्हनून त्याले भेग वाटली."

"काहून?"

"पूल बंद झाल्यावर कोनं तरी वर धानाचे पोते रचले होते. वजनानं थरथर मंद होते."

"आंधळ्याले थप्पी दिसली नाही?"

"मशीनीतून मुंडकं काढन तं दिसन! आज पोते हटवून मोजलं, थरथर पयल्यावानीच."

"देव पावला!"

"पोते कोनाचे होते, माय?"

"बंद पूल, कोरडी जागा..."

"माय!"

"बस आली, चढ. आता पुलावरूनच जाईन ना?"

"हौ!"

हसू दाबत उमाने दोघांना आधी चढू दिलं.