धूळ किती खोल आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या संस्थेचे संचालकसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेले विद्वान पाहुणे, ज्यांची नावं मघाशी सूत्रसंचालक बाईंनी नीट सांगितली, पण माझं लक्ष त्या वेळी या व्यासपीठाच्या उंच पायरीकडे होतं, समोर बसलेले शास्त्रज्ञ, कर्मचारी, विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेतून मला डोळ्यांनी 'आवरा' म्हणणारी माझी बायको, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी सत्कारमूर्तींचा थोरला भाऊ. तुम्ही तिला बाई म्हणता, आम्ही धाकटी म्हणतो. कुटुंबातर्फे दोन शब्द बोलावेत असा इथला रिवाज आहे म्हणे. मी सातवीत शाळा सोडली आणि आयुष्यभर एका इस्पितळाची लिफ्ट चालवली. भाषणाची सवय नाही. लिफ्टमध्ये फार तर 'कितवा मजला' एवढंच बोलावं लागतं. तेव्हा मध्येच अडखळलो तर ते वयामुळे आहे असं समजा. तसं ते नाही, पण तसं समजा.

इथे आल्यापासून मी सारखं एकच ऐकतोय. बाईंचे एकशे चाळीस शोधनिबंध, आणि त्यांना जगभरातून साडेनऊ हजार संदर्भ. पाहुण्यांनी तर सांगितलं की ग्रहांच्या चंद्रांवर काम करणारा माणूस बाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. ऐकून अंगावर मूठभर मांस चढायला हवं. मला मात्र भीती वाटते आहे. का वाटते, ते सांगू की नको हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून आधी जरा लहानपणाचं सांगतो.

लहानपणी ती भित्री नव्हती, भित्रा मीच होतो. अंगणातल्या हौदात तळाला काय आहे ते बघायला ती वाकायची, आणि मी तिचा झगा मागून धरून ठेवायचो. आई म्हणायची, "अरे, सोड तिला, पडली तर पोहायला शिकेल." आता हौद राहिला नाही, आई राहिली नाही. झगा धरायची माझी सवय तेवढी राहिली. बाहेर पडताना मी गॅसचं बटण तीन-तीनदा बघतो. बायको म्हणते, "तुम्ही एकदा गॅसलाच बरोबर घेऊन चला." हसा, हसा. मला तेवढाच धीर येतो.

संदर्भ म्हणजे काय, हे मला धाकटीनेच समजावलं. मी विचारलं होतं, "अगं, साडेनऊ हजार लोकांनी तुझं वाचलं?" ती म्हणाली, "वाचलं असं नाही, दादा. मी एक गोष्ट छापली. दुसऱ्याला तीच गोष्ट पाहिजे होती. त्याने परत मोजली नाही, 'बाईंनी सांगितलंय' असं लिहिलं आणि पुढे गेला. असं एकदा लिहिलं की एक संदर्भ." मी म्हटलं, "म्हणजे तुझ्यावर विश्वास ठेवला." ती म्हणाली, "हो. टेकला माझ्यावर." त्या वेळी मला ते छान वाटलं होतं.

या सभागृहात शिरताना डाव्या भिंतीवरची सजावट तुम्ही पाहिली असेल. इथल्या मुलामुलींनी फार मेहनत घेतली आहे, त्यांचं कौतुक करायचं राहू नये. प्रत्येक निबंधाची एक चिठ्ठी, आणि कोण कुणावर टेकलाय ते दाखवायला रंगीत दोरे. मधोमध बाईंचा तो मोठा निबंध, ज्याला सगळ्यांत जास्त संदर्भ आहेत. त्या लांबच्या ग्रहाच्या चंद्रावर धूळ वीतभरच आहे आणि तिच्याखाली टणक जमीन आहे, असं सांगणारा.

भिंत तयार झाल्यावर मुलांनी आम्हा दोघांना बघायला बोलावलं. धाकटी खूश होती. लहान मुलीसारखं तिने एका दोऱ्यावर बोट ठेवलं आणि चालत निघाली. मोठा निबंध लिहिताना ज्या तीन जणांचा तिने आधार घेतला होता, त्यांपैकी एकाकडे तो दोरा जात होता. तिथून पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि एका पिवळ्या चिठ्ठीवर थांबला. मग तिने दुसऱ्याचा दोरा धरला. तोही त्याच चिठ्ठीवर. तिसराही तिथेच. ती चिठ्ठी तिच्याच एका जुन्या, चार पानी लेखाची होती.

मी म्हटलं, "काय गं, पाणी आणू का?" ती म्हणाली, "दादा, घरी चल."

मला बसायची खूण होते आहे. अध्यक्षसाहेब, मी दोनच मिनिटं घेतो. खरं तर मला बसायचं नाही. मी बसलो की ती उठेल.

घरी तिने मला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं. तरुणपणी, पुसट छायाचित्रं बघून, तिने त्या चार पानांत लिहिलं होतं की धूळ वीतभर असावी. असावी. हा नुसता अंदाज आहे, कुणीतरी मोजून बघावा, असंही लिहिलं होतं. एकाने तो आकडा आपल्या गणितात घेतला, दुसऱ्याने पहिल्याच्या लेखातून उचलला, तिसऱ्याने दुसऱ्याच्या. जाता जाता 'असावी'ची 'आहे' झाली. काही वर्षांनी धाकटी मोठा निबंध लिहायला बसली तेव्हा तिला दिसलं की तीन वेगवेगळ्या देशांतले तीन लोक वीतभर म्हणताहेत. तिला वाटलं, तिघांनी आपापलं मोजलं. तिने खुशाल 'आहे' लिहिलं. तिचाच आवाज तिच्याकडे परत आला होता, आणि तिला तो तीन माणसांचा वाटला.

बायकोने विचारलं, "मग किती आहे धूळ?"

धाकटी म्हणाली, "वहिनी, मला माहीत नाही. वीतभर असेल, हत्ती बुडेल इतकीही असेल. कुणालाच माहीत नाही. कुणी मोजलेलीच नाही."

"आणि तिथे उतरायला निघालेलं ते यान?"

तुम्ही एकमेकांकडे बघताय, म्हणजे तुम्हाला कळलं. यान वाटेवर आहे. त्याचे पाय वीतभर धुळीच्या हिशोबाने बनवले आहेत. बारा देशांच्या माणसांची हयात त्यात गेली आहे.

धाकटी मान हलवते आहे. ती मला म्हणाली होती, "तू फक्त लहानपणाचं बोल, बाकीचं मी माझ्या तोंडाने सांगणार." मी तेच करत होतो हो. कसं घसरलं, कळलं नाही.

संचालकसाहेब, तुमच्याबद्दल कुणाचा गैरसमज नको, म्हणून सांगतो. साहेब हे बाईंचे पहिले विद्यार्थी. काल ते आमच्या घरी आले. चहाचा कप त्यांनी बशीत ठेवला तो खडखडला, आणि मला जरा बरं वाटलं की घाबरणारा मी एकटा नाही.

साहेब म्हणाले, "बाई, आकडा बरोबरही असू शकतो."

"असू शकतो की."

"मग उतरू द्या ना आधी. बरोबर निघाला तर प्रश्नच मिटला."

"आणि बुडालं तर?"

"तर म्हणता येईल, कुणालाच कल्पना नव्हती."

"परवापर्यंत म्हणता आलं असतं. आता मला कल्पना आहे. आणि काल मी फोन केला, तेव्हापासून तुम्हालाही."

साहेबांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "माझी डॉक्टरेट त्याच आकड्यावर उभी आहे, बाई. माझ्या विद्यार्थ्यांच्याही. उद्या तुमचा सत्कार आहे, निदान उद्या तरी नको."

ती म्हणाली, "यान उतरायची जागा ठरवणारी समिती उद्या सगळीच्या सगळी व्यासपीठावर असेल. पलीकडचा खडकाळ पट्टा मोकळा आहे, तिथे धूळच नाही. तुम्हा लोकांना तिथे बघण्यासारखं काही सापडणार नाही, पण यान उभं राहील. दिशा वळवायची तर उद्या संध्याकाळपर्यंतच वळवता येईल. मग मी सांगू कधी?"

साहेबांनी मनाई केली नाही. विनंती केली. उलट मी त्यांच्याहून वाईट वागलो. ते गेल्यावर मी तिला म्हटलं, "धाकटे, गप्प बस. तुझ्या मागे लागतील. पेपरवाले दाराशी येतील. ज्यांनी हार घातले तेच ओळख दाखवणार नाहीत. निवृत्त झालीस, घरी ये, पाय पसरून बस. बुडालं तर बुडालं, त्यात काय माणूस आहे?"

ती चिडली नाही. म्हणाली, "दादा, तू गॅसचं बटण तीनदा बघतोस. आम्ही सगळे हजारो वेळा त्या आकड्याजवळून गेलो आणि एकानेही बघितलं नाही. आता मला दिसलंय, आणि तू म्हणतोस बाहेरून कडी लाव?"

तिचं मला पटलं. पण भीती काही गेली नाही. आत्ताही गेलेली नाही. लिफ्टमध्ये दार उघडायच्या आधी नातेवाईक असे श्वास रोखून उभे राहायचे. मी पाठमोरा उभा असायचो, मला त्यांचे चेहरे दिसायचे नाहीत. आज पहिल्यांदाच एवढे चेहरे समोरून बघतोय, आणि कोण तिच्या बाजूचा, कोण विरुद्ध, मला ओळखता येत नाही. तिसऱ्या रांगेतले दोघं उठून बाहेर निघाले आहेत. तुमची डॉक्टरेटही त्यातलीच असेल, तर मला वाईट वाटतं. पण थोडं थांबता आलं तर थांबा. ती साठीची झाली आहे. रिकाम्या खुर्च्यांना हे सांगायची वेळ तिच्यावर आणू नका.

साहेब, तुम्ही घड्याळ बघताय. आधी मला वाटलं, माझ्यासाठी बघताय. आता वाटतं, संध्याकाळ किती लांब आहे ते बघताय. तसं असेल तर मी लांबण लावली हे चुकलंच. तिचं बोलणं पुढे ढकलावं म्हणून मी बोलत राहिलो, आणि यान तिकडे चालतंच आहे. हे माझ्या आधी का लक्षात आलं नाही?

तर आवरतो. मला इथे उभं राहू दिलंत, संस्थेचे आभार. भिंत सजवणाऱ्या मुलामुलींचे विशेष आभार. पोरांनो, तुम्ही काही वाईट केलं नाहीत, मनाला लावून घेऊ नका. पाणी आणून देणाऱ्या शिपाईदादांचे आभार. माझ्या बोलण्यात जे कमी-जास्त झालं असेल, ते म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून द्या.

ती आता बोलेल, त्यातलं मात्र काही सोडू नका. जसं सांगेल तसंच ऐका, आणि ज्यांना कळवायचं त्यांना संध्याकाळच्या आत तसंच कळवा.

धाकटे, ये. पायरी उंच आहे, जपून. मी खाली जात नाही, इथेच तुझ्या मागे उभा राहतो.