अवतरणचिन्हांच्या आत

(रुग्णालयातली रक्तसाठ्याची खोली. कॉम्प्युटरसमोर वडील, शेजारी उभ्या सिस्टर. टेबलावर फोन, स्पीकर चालू. पलीकडे मुलगी, मध्यवर्ती रक्तपेढीच्या संगणक विभागात.)

मुलगी: पुन्हा पाठवा, आणि उत्तर काय येतंय ते सांगा.

वडील: अगं, चार वेळा पाठवलं. तेच येतंय. चारशे एक.

मुलगी: चारशे एक म्हणजे काय?

वडील: म्हणजे तुमच्या सर्व्हरला आमची ओळख पटत नाही. हे तू मला विचारतेस?

मुलगी: विचारतेय. आणि मी ऑफिसात आहे, बाबा. ही लाइन रेकॉर्ड होते.

वडील: होऊ दे. तुमच्याकडेच काहीतरी बिघडलंय. परवापर्यंत माझा प्रोग्राम पिशव्या मागत होता, तुम्ही देत होतात. एकवीस वर्षं चाललंय हे.

मुलगी: परवापर्यंत नाव आणि पासवर्ड चालत होता. कालपासून आम्ही दिलेलं टोकन लागतं, प्रत्येक रुग्णालयाची वेगळी ओळखखूण. महिनाभर आधी पत्र पाठवलं होतं. अडतीस रुग्णालयांना पाठवलं. सदतीसांचं सुरळीत चालू आहे.

वडील: पत्र मिळालं. बदल केला मी. काल संध्याकाळी बसून केला. एकच तर ओळ आहे.

मुलगी: मग एका ओळीत काय बघायचं ते बघू.

वडील: सिस्टर, त्या बाई कशा आहेत?

सिस्टर: ऑपरेशनला आत घेतलंय त्यांना.

वडील: आणि आपल्याकडे त्यांच्या गटाची एकही पिशवी नाही.

सिस्टर: काका, तुम्ही मॅडमशी बोला. मी आहे इथे.

मुलगी: सिस्टरांना कशाला मधे घेताय? आधी घड्याळ. प्रत्येक मागणीवर तुमच्या कॉम्प्युटरची वेळ येते. फरक मोठा असला की आम्ही नाकारतो. खाली उजव्या कोपऱ्यात किती वाजलेत?

वडील: सिस्टर, किती वाजले हो?

मुलगी: सिस्टरांच्या हातातलं घड्याळ नको. स्क्रीनवरचं सांगा.

वडील: अकरा... अकरा वीसच्या आसपास.

मुलगी: आसपास असं कॉम्प्युटर लिहीत नाही.

वडील: अकरा बावीस.

मुलगी: बरं. पुढे. टोकन कुठे ठेवलंय?

वडील: फाइलमध्ये. असं बघ, प्रोग्राम सुरू झाला की फाइल उघडतो, ओळ वाचतो, व्हेरिएबलमध्ये ठेवतो. टोकन बदललं तर फाइल बदलायची, प्रोग्रामला हात लावायचा नाही. ही शिस्त आहे.

मुलगी: चिकटवताना शेवटी एंटर दाबलं गेलं असेल तर ते एंटरही टोकनाबरोबर येतं.

वडील: ट्रिम केलंय. पुढचं-मागचं सगळं छाटलंय. मी बारा बॅचना व्हिज्युअल बेसिक शिकवलंय, मला एंटर सांगू नकोस.

मुलगी: ट्रिम मोकळ्या जागा छाटतं. एंटर छाटत नाही.

वडील: एंटरसाठी वेगळी ओळ आहे. बदलून रिकामं करतो. आहे ती. सातवी ओळ.

मुलगी: आधी जोडणी ओपन करता, मग टोकनाचं हेडर लावता? की आधी हेडर?

वडील: आधी ओपन. हेडर आधी लावलं तर चूक दाखवून तिथेच थांबतं, माझ्याकडून बाहेर काही जाणारच नाही. माझ्याकडून जातंय. तुझ्याकडून परत येतंय.

मुलगी: बरोबर.

वडील: बरोबर म्हणालीस. नोंद करून ठेव, रेकॉर्ड होतंय म्हणालीस ना.

मुलगी: आता हेडरची ओळ वाचा. मोठ्याने. एकेक अक्षर.

वडील: अगं, तिकडे बाई टेबलावर आहे. एकेक अक्षर काय?

मुलगी: ओळ मोठ्याने वाचली की चूक डोळ्यांच्या आधी कानाला कळते. कुणाचं वाक्य आहे?

वडील: माझं.

मुलगी: वाचा.

वडील: सेट रिक्वेस्ट हेडर. कंस. अवतरणचिन्ह, ऑथोरायझेशन, अवतरणचिन्ह बंद. स्वल्पविराम. अवतरणचिन्ह, बेअरर. बी, ई, ए, आर, ई, आर. मग एक मोकळी जागा. अवतरणचिन्ह बंद. मग जोडचिन्ह, मग टोकन. कंस बंद. झालं? यात कुठे चूक आहे ते तू मला दाखव.

मुलगी: चूक नाही.

वडील: बघ.

मुलगी: पुन्हा वाचा.

वडील: का?

मुलगी: कारण मी सांगतेय.

वडील: बी, ई, ए, आर, ई, आर. मोकळी जागा. ऐकलंस? तुला हवं तर दहा वेळा वाचतो.

मुलगी: वाचा दहा वेळा.

वडील: हे काय चालवलंयस तू? तुला काय हवंय ते सरळ सांग. त्या वर्गाचा वचपा काढतेस का? पंचवीस वर्षांनी?

मुलगी: कुठल्या वर्गाचा?

वडील: माहीत नसल्यासारखं बोलू नकोस. नवव्या बॅचचा. तुला उभं करून प्रोग्राम वाचायला लावला होता.

मुलगी: चाळीस जणांसमोर. अकरा वेळा. शेवटी माझ्या तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा म्हणालात, हिच्या डोक्यात लॉजिक नाही, हिला शिवणकामाला घाला. पोरं हसली. तुम्हीही हसलात.

वडील: मास्तरला वर्ग सांभाळावा लागतो. मुलगी म्हणून सूट दिली असती तर बाकीचे काय म्हणाले असते?

मुलगी: मी काही म्हणत नाहीये. पुन्हा वाचा.

वडील: नाही वाचणार.

मुलगी: तुमच्याकडून जे निघालं ते माझ्यासमोर आहे, बाबा. लॉगमध्ये. मागणी आली की अख्खी लिहून ठेवली जाते. तुम्ही वाचताय ते आणि इथे आलंय ते एक नाही.

वडील: मग वाटेत बदललं.

मुलगी: वाटेत अक्षरं बदलत नाहीत.

वडील: तुमच्या लॉगमध्ये चूक असेल.

मुलगी: तुमच्या शेवटच्या मागणीवर वेळ अकरा एकतीस आहे. तुमच्या कॉम्प्युटरची. तुम्ही मला अकरा बावीस सांगितलं होतं. ते सांगितलंत तेव्हा तिथे साडेअकरा होऊन गेले होते.

वडील: आकडा बारीक असतो तिथला.

मुलगी: कोडची अक्षरं किती मोठी केलीत?

वडील: आहेत तेवढीच आहेत. नेहमीची.

मुलगी: सिस्टर, केवढी आहेत?

सिस्टर: मॅडम, स्क्रीनवर चार-पाच शब्दच मावतायत. एकेक अक्षर बोटाएवढं आहे.

वडील: सिस्टर, तुम्हाला यातलं काही कळत नाही, तुम्ही बोलू नका.

मुलगी: सिस्टर, ऑथोरायझेशननंतर, दुसऱ्या अवतरणचिन्हांच्या आत काय लिहिलंय? अक्षरं सांगा फक्त.

वडील: मी सांगितलंय काय लिहिलंय.

मुलगी: सिस्टर.

सिस्टर: बी. ई. आर. ए. ई. आर.

मुलगी: पुन्हा.

सिस्टर: बी, ई, आर, ए, ई, आर. मग जागा आहे. काका म्हणाले तसं नाहीये, आर आणि ए उलटसुलट झालेत.

मुलगी: अवतरणचिन्हांच्या आत काहीही लिहिलं तरी प्रोग्राम तपासणारा कंपायलर तक्रार करत नाही. तिथे माणसालाच बघावं लागतं. हेही तुमचंच वाक्य. तुम्ही ओळ वाचत नव्हता, बाबा. काल काय टाइप केलं असं तुम्हाला वाटतं, ते म्हणून दाखवत होता.

वडील: थकवा होता काल. बोटं घसरली. कुणाचीही घसरतात.

मुलगी: बोटं काल घसरली. आज चार वेळा काय घसरलं?

वडील: चष्म्याचा नंबर वाढलाय. बदलायचाय.

मुलगी: आई म्हणते, तुम्ही रोज सकाळी तिच्याकडून पेपर वाचून घेता. चष्मा सापडत नाही म्हणता. चष्मा नाकावर असतो.

वडील: तुझ्या आईला कुणाला काय सांगावं ते कळत नाही.

मुलगी: किती दिवस झाले?

वडील: कडेने दिसतं मला. चालता येतं, माणूस ओळखू येतो. फक्त मधोमध... बघायला गेलं की तिथेच धूर असतो. डोळे हलवले की तोही हलतो. पण कोड माझं आहे. एकूण एक ओळ मला पाठ आहे. बघायची गरजच काय?

मुलगी: बावीस दिवसांपूर्वी तुम्ही रक्तगटांची यादी बदललीत. ती पाठ होती?

वडील: कसली यादी?

मुलगी: स्क्रीनवर गट निवडायची. एक ओळ खोडलीत, दुसरी दोनदा आली. ओ निगेटिव्हवर बोट ठेवलं की मागणी ओ पॉझिटिव्हची यायची. तीन मागण्या तशा आल्या. आमच्या तपासनिसाला एका कागदावर वेगळा गट दिसला म्हणून त्याने थांबवल्या. त्याला शिंक आली असती तरी निसटल्या असत्या.

वडील: मला कुणी सांगितलं नाही.

मुलगी: यादी मी इथून दुरुस्त करून पाठवली. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलं.

वडील: कुणी ठरवलं?

मुलगी: तक्रार तुमच्याच रुग्णालयातून आली होती. सहीनिशी.

वडील: कुणाची सही?

सिस्टर: माझी होती, काका.

वडील: तुमची?

सिस्टर: मी वॉर्डात असते. पिशवी लावणारा हात माझा असतो. मला भीती वाटली.

वडील: मला येऊन सांगायचं होतं, सिस्टर. रोज दुपारी समोर बसून डबा खाता तुम्ही.

सिस्टर: दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, तुमचा थर्मामीटर तुम्ही सांभाळा.

वडील: बरं. झालं ते झालं. आता ती दोन अक्षरं बदलू द्या मला आधी. तिकडे बाई रक्तावाचून पडली आहे. बाकीचं माझ्याशी नंतर भांडा.

मुलगी: रक्त पोचलंय.

वडील: काय?

मुलगी: तुमची पहिली मागणी दहा वाजता फिरली, तेव्हाच मी हाताने नोंद करून चार पिशव्या गाडीने पाठवल्या. पावणेअकराला तुमच्या दारात गाडी आली. बाईंना दुसरी पिशवी चालू असेल आता.

वडील: सिस्टर?

सिस्टर: खरं आहे. बाई ठीक आहेत. मॅडमनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं.

वडील: आणि मी दीड तास इथे... माझ्या शर्टाची पाठ भिजली आहे. मला वाटत होतं की माझ्यामुळे ती बाई...

मुलगी: तसं वाटल्याशिवाय तुम्ही नीट बघायचा प्रयत्न केला नसता. सहज विचारलं असतं तर मला चार विनोद ऐकवून फोन ठेवला असता. मला खात्री करून घ्यायची होती. रेकॉर्डवर.

वडील: म्हणजे परीक्षा होती ही.

मुलगी: हो.

वडील: माझी.

मुलगी: तुम्हाला ठेवायचं की नाही, हे मला आज लिहून द्यायचंय. तुमच्या अधीक्षकांनी कागद माझ्याकडे पाठवला. आडनाव सारखं आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

वडील: तू दुसऱ्या कुणाकडे देऊ शकली असतीस.

मुलगी: शकले असते.

वडील: एक सांगू? सिस्टर आहेत, असू देत. त्या दिवशी वर्गात तुझा प्रोग्राम बरोबर होता. फळ्यावर मीच उदाहरण चुकीचं लिहिलं होतं. तू तिसऱ्यांदा वाचत होतीस तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण चाळीस पोरांसमोर... तेव्हा जमलं नाही मला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

मुलगी: माहीत आहे मला.

वडील: काय माहीत आहे?

मुलगी: फळ्यावरचं चुकलंय ते. तुम्ही डस्टर घेऊन ती ओळ पुसलीत, आणि मग मला म्हणालात, वाच पुन्हा. मी चौदा वर्षांची होते, बाबा. आंधळी नव्हते.

वडील: मग तेव्हा बोलली का नाहीस?

मुलगी: तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. सिस्टर, त्यांना उठवा आणि खुर्चीवर तुम्ही बसा. ती दोन अक्षरं अदलाबदल करा. मग वरचं हिरवं त्रिकोणी बटण, आणि प्रोग्राम उघडला की 'पाठवा'.

सिस्टर: काका, जरा...

वडील: उठतो. हात नका लावू. उठतो मी.

सिस्टर: केलं, मॅडम. पाठवलं. दोनशे आलं.

मुलगी: मलाही दिसतंय, मागणी मान्य झाली. आता चालेल. उद्यापासून इथला माणूस येईल, पासवर्ड त्याला सांगून टाका, बाबा. माझा अहवाल संध्याकाळी जाईल. त्याआधी तुम्ही स्वतःहून कागद दिलात तर त्यात मला फार काही लिहावं लागणार नाही.

वडील: राजीनामा.

मुलगी: हो.

वडील: ठीक आहे. दुपारी लिहून देतो.

मुलगी: कुणाकडून लिहून घेणार?

वडील: कागद कुठे असतो इथे?

सिस्टर: मी लिहिते, काका. कागद आहे इथे. तुम्ही सांगा फक्त.

वडील: तुम्ही लिहिणार.

सिस्टर: दुसरं कोण आहे आत्ता? सांगा.

वडील: मा. अधीक्षक यांस. माझ्या प्रकृतीच्या काही कारणांमुळे...

मुलगी: खरं कारण लिहा, सिस्टर.

वडील: प्रकृती खरीच आहे ना.

मुलगी: तीन मागण्या चुकीच्या गटाने आल्या, बाबा. तुमच्या जागी येणाऱ्याला आधीच्या माणसाला काय झालं होतं हे कळायला हवं. म्हणजे तो तुमचं सगळं काम पुन्हा तपासेल.

सिस्टर: काका, खोडू का प्रकृतीचं?

वडील: खोडा.

सिस्टर: खोडलं. काय लिहू?

वडील: लिहा... मला दिसत नाही.

सिस्टर: आणि पुढे?

वडील: पुढे काही नाही. एवढंच.

मुलगी: सिस्टर, सही कुठे करायची ते त्यांचा हात धरून दाखवा.