रामफळाचं पान आणि बादलीभर कोरा चहा

सन्माननीय अध्यक्ष नानासाहेब, मुख्याध्यापिका तनुजा मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी शिक्षक, विद्यार्थी मित्रांनो, आणि आज मधल्या खुर्चीत बळंच बसवलेल्या आपल्या भागूमावशी!

मावशी, उठू नका. पाण्याचे ग्लास आज दुसरं कुणीतरी भरेल.

एकतीस वर्षं सेविका म्हणून शाळा सांभाळणाऱ्या बाईला निरोपाला द्यावं तरी काय? शाल-श्रीफळ संस्थेनं दिलंच. मी गणिताचा मास्तर. मला वाटलं, मावशींनी आवारात जी अकरा झाडं वाढवली, त्यांच्या पानांचे छाप कापडावर घ्यावेत. चित्रकलेच्या विशाखा मॅडम उन्हात निळे छाप काढायला शिकवतात, त्याला सायनोटाइप म्हणतात. दोन रसायनं मिसळायची, अंधाऱ्या खोलीत कापडाला लावायची, वाळली की वर पान, पानावर काच, आणि न्यायचं उन्हात. पानाखाली ऊन पोचत नाही, तेवढं पांढरं राहतं. बाकीचं पाण्यात धुतलं की निळंशार होतं. ऐकायला सोपं वाटतं की नाही? मलाही वाटलं होतं.

पहिलं कापड मी व्हरांड्यात रंगवलं, कारण अंधाऱ्या खोलीत पंखा नव्हता. पान ठेवायच्या आधीच सगळं कापड ऊन खाऊन बसलं. दुसऱ्या वेळी काच विसरलो. गच्चीवर वारा सुटला, जांभळाचं पान सरकलं, आणि मॅडम म्हणाल्या, "सर, हे भूत कुणाचं?" तिसऱ्या वेळी माझा शर्ट निळा झाला. त्यावर घरी जे ऐकलं ते अध्यक्षांसमोर सांगण्यासारखं नाही. पण एप्रिलअखेर अकराही पानं उतरली, आणि माझ्या पत्नीनं तुकडे जोडून चादर शिवली.

मग मे महिन्यात रामफळाचं झाड तोडलं, दुचाकींच्या शेडसाठी. नानासाहेब, मी तक्रार करत नाही. पण ते रोप मावशींनी सोयगावहून, माहेराहून, एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. झाड पडलं त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा झाडू घेतला. पाचोळा झाडला आणि घरी गेल्या. बाकीची दहा पानं मला पुन्हा कधीही घेता आली असती. रामफळाचं मात्र चादरीवर होतं तेवढंच.

परवा ती चादर मी प्रयोगशाळेतल्या दोरीवर टाकली आणि तासाला गेलो. परत येतो तर दोरी रिकामी, आणि मावशी दारात उभ्या, कोपरापर्यंत ओल्या.

"सर, चादरीवर कुणी शाई सांडली व्हती बघा. लई डाग! निघंनात, मग धुण्याच्या सोड्यात बुडवली गरम पाण्यात. आता कशी साफ झाली!"

माझा ब्रशच असा वेडावाकडा फिरला होता की कुणालाही शाई सांडल्यासारखं वाटावं. आणि एकतीस वर्षांत मावशींनी या शाळेत एक डाग राहू दिलेला नाही. निळा रंग पार गेला होता. उरलं होतं पिवळट कापड, त्यात पान शोधून सापडेना. मी "छान झालं" म्हणालो आणि तडक विशाखा मॅडमना गाठलं.

त्यांनी चादर खिडकीत धरून पाहिली. "सोड्यानं निळा गेला, सर. पण रसायनातलं लोखंड धाग्यात राहिलं असेल. कडक कोऱ्या चहात भिजवून बघा, काळपट रंग चढतो. सगळं परत येईलच असं नाही."

आता शाळेत चहा कोण करतं?

"बादलीभर? बिनदुधाचा, बिनसाखरेचा?" मावशी म्हणाल्या. "सर, पोट बरं हाय नव्हं?"

"पाहुणे येणारेत."

"असले कसले वो पाहुणे?"

मावशी, ते पाहुणे म्हणजे ही चादर. तुम्हाला आज पहिल्यांदाच कळतंय. दोन तास मी बादलीशेजारी बसून होतो. कडुलिंब आधी आला, मग जांभूळ, मग चिंच. रामफळाचा चौकोन सगळ्यात उशिरा गडद झाला. देठ काही परत उमटला नाही, पान मात्र आलं. मला रडू फुटलं, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

ही घ्या. तोंडाला पदर लावू नका, तुमचं काहीही चुकलेलं नाही.

विशाखा मॅडमचे, आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. मान्यवरांच्या नावांत मागंपुढं झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. राहता राहिली एक गोष्ट, ती सभागृहाकडं मागण्यासारखी नाही. रामफळ तोडावं म्हणून जो अर्ज गेला, त्याच्यावर पहिली सही माझी होती. माझ्या स्कूटरची सीट तापायची. मावशी, मला माफ करा.