गंगाजल ओतल्यावरही

रेवसच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत माझ्या पुढ्यात दोघी जावा बसल्या होत्या.

“अक्का, म्युनिसिपालटीच्या बागेतलं तळं परत नासलं हो. नाकाला पदर लावावा लागतो.”

“म्हशी डुंबत असतील, सोनू.”

“म्हशींना बंदी होऊन वर्ष झालं.”

“मग बदकांनी केली असेल घाण.”

“बदकं मेली की!”

“ह्यांनी काशीचं गंगाजल ओतलं, तरी?”

“तरीच.”

“म्हणून तर ह्यांनी ठराव मांडलाय, मोरू माळ्याला काढायचा.”

“बायको बाळंतीण आहे हो त्याची.”

“अध्यक्ष म्हणून ह्यांनी कुणावर तरी ठपका ठेवायला नको?”

“अक्का, एक बोलू?”

“बोट आली बघ. ऊठ.”

“येऊ दे. अक्का, आपल्या घरच्या मोरीचं पाणी त्याच तळ्यात सुटतं.”