अर्ध्या रिंगचा फोन

ताई: …टॅक्सी येऊन उभी राहिली, मी डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि ऐटीत बसले. बसल्यावर बघते तर पुढ्यात स्टिअरिंग.

धाकटा: म्हणजे तू ड्रायव्हरच्या जागेवर?

ताई: तिकडे गाड्यांचं सगळं उलटं रे. आणि मी आयुष्यभर गाडी शिकवताना शिकाऊ माणसांच्या डावीकडे बसत आलेय. पाय आपोआप तिकडे गेले, डोक्याला विचारतंय कोण? ड्रायव्हर बिचारा माझ्या बॅगेसाठी डिकी उघडून मागे उभा. त्याला वाटलं, बाई गाडी घेऊन पळतेय.

धाकटा: थांब. क्रमाने सांग. बॅग कुठे होती?

ताई: आलास ड्यूटीवर. अरे, बहिणीच्या घरी बसलायस, अग्निशमनच्या कंट्रोल रूममध्ये नाही.

धाकटा: बॅग, ताई.

ताई: बॅग तिसऱ्याच देशात उतरली. माझ्यापेक्षा जास्त हिंडून आली ती. म्हणून तर अंगात हा बदकाचा शर्ट. विमानतळावरच्या दुकानात माझ्या मापाचा एवढा एकच होता. तिकडची माणसं माझ्याकडे बघून हसायची, मग मीही हसायची. ओळखी करून घ्यायला बदकासारखं दुसरं काही नाही.

धाकटा: बॅग हरवली, ही एक. टॅक्सी, ही दुसरी.

ताई: मोजतोयस?

धाकटा: आपलं ठरलंय. निघताना तूच म्हणालीस, तिकडून मदतीसाठी एक जरी फोन आला तरी मी हरले, फ्लॅट भाड्याने देते आणि तुमच्याकडे राहायला येते. म्हणालीस की नाही?

ताई: म्हणाले. आणि नाही आला तर?

धाकटा: तर मी हा विषय पुन्हा काढायचा नाही.

ताई: आणि तरी उद्या एक जोडपं माझा फ्लॅट बघायला येतंय. तुझ्या बायकोच्या पोटात काही राहत नाही, माहीत आहे ना?

धाकटा: मी त्यांना नुसतं बघून जा म्हटलंय. हे बघ, भाऊजी गेल्यापासून तू इथे एकटी. आमच्याकडे एक खोली रिकामी पडलीय. कामावर फोन वाजला की पत्ता ऐकायच्या आधी मला तुझं घर दिसतं. प्रत्येक वेळी.

ताई: माहितेय मला. म्हणून तर गेले. नाहीतर मला काय परदेशाचे डोहाळे लागले होते? बरं, टॅक्सीचं पुढे ऐक. मी उजवीकडे जाऊन बसले. पण वळण आलं की माझा पाय खाली दाबला जायचा. आपल्या शिकवायच्या गाडीत तिथे दुसरा ब्रेक असतो ना, तो इथे नव्हता. मी नुसतीच पायपुसणं तुडवतेय. सिग्नलला त्याने माझ्या पायाकडे बघितलं, हाताने स्टिअरिंग फिरवल्यासारखं केलं आणि भुवया उडवल्या. शिकवता का, म्हणून. मी मान हलवली. तेव्हापासून गिअर टाकला की तो माझ्याकडे बघायचा, जमलं ना, अशा तोंडाने.

धाकटा: जमलं होतं का?

ताई: क्लच फार लवकर सोडतो. पण मन मोठं. हॉटेलच्या दारात मला उतरवून, आत जागा मिळेपर्यंत थांबला बिचारा.

धाकटा: आत जागा मिळेपर्यंत? बुकिंग केलं होतंस ना?

ताई: केलं होतं. तारीख बरोबर, महिना पुढचा.

धाकटा: ताई.

ताई: दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, मी चौदावा काढला. जोडून सुट्ट्या आलेल्या, गावात उशी टेकायला जागा नाही. काउंटरवरची बाई तीनदा कॉम्प्युटर बघते, मग माझ्याकडे बघते, मग बदकाकडे बघते. शेवटी तिने मला चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीत गादी घालून दिली.

धाकटा: खिडकी होती? बाहेर पडायला दुसरी वाट?

ताई: खिडकी होती आणि मागे जिनाही होता. आधी तेच बघितलं, तुझीच बहीण आहे मी. सकाळी इस्त्रीवाली बाई आली आणि मला बघून किंचाळली. मग तिनेच कॉफी आणून दिली. मी बसल्या बसल्या तिला चादरीच्या घड्या घालू लागले. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी येत नाही, पण चादरीची दोन टोकं धरायला काय भाषा लागते?

धाकटा: बॅग, टॅक्सी, हॉटेल. आणि जे म्युझियम बघायला गेलीस, ते?

ताई: सुट्टी म्हणून बंद.

धाकटा: बरोबर.

ताई: आता तू खूश होतोयस. मग मी म्हटलं, निदान गाव तरी बघू, आणि बसमध्ये चढले. उलट दिशेच्या.

धाकटा: मुद्दाम?

ताई: मुद्दाम कशाला? चुकूनच. पण पुढच्या थांब्यावर उतरले नाही, ते मात्र मुद्दाम. कारण बस एक शिकाऊ बाई चालवत होती. माझ्याच वयाची, केस पिकलेले, मान ताठ. शेजारी तिचे मास्तर. मी लगेच तिच्या मागची जागा धरली. मास्तर काही बोलले की तिचे कान लाल व्हायचे. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले मी तिच्याबरोबर. पुढे रस्ताच नाही. एक तळं, काठाला एक बाक, बस्स.

धाकटा: शनिवारी संध्याकाळी?

ताई: हो. तुला कसं कळलं?

धाकटा: कारण शनिवारी संध्याकाळी तुझा फोन आला होता.

ताई: वाजला होता तो?

धाकटा: अर्धी रिंग. उचलेपर्यंत बंद. मी परत लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना.

ताई: बॅटरी संपली होती. चार्जर बॅगेत. पण हॉटेलवर गेल्या गेल्या काउंटरच्या बाईच्या फोनवरून कळवलं ना मी, मजेत आहे म्हणून.

धाकटा: तोवर मी साहेबांना सांगून ड्यूटी सोडली होती. घरी येऊन पासपोर्ट काढला. म्हटलं, मिळेल त्या विमानाने जायचं. तर पासपोर्टची मुदत कधीच संपलेली. कपाटाच्या पुढ्यात फरशीवर बसून राहिलो. ही विचारतेय काय झालं, आणि मी पासपोर्टवरची तारीख पुन्हा पुन्हा बघतोय. लोकांच्या घरी मी गाडी पाठवतो, ताई. तुझ्याकडे काय पाठवणार होतो?

ताई: अरे वेड्या.

धाकटा: तेव्हा कबूल कर. फोन मदतीसाठीच होता. तू हरलीस. हरलीस तर हरलीस, मी कुणाला सांगणार नाही. पण चल आमच्याकडे.

ताई: नव्हता रे मदतीसाठी.

धाकटा: मग?

ताई: मी त्या बाकावर बसले होते. तिला बस वळवायची होती. जागा एवढीशी, मागे पाणी. मास्तर खाली उतरून उभे राहिले, मुद्दाम पाठ करून. मी असते तर मीही तेच केलं असतं. आणि तिने वळवली. एका दमात, काठाचं गवतसुद्धा न चिरडता. मग माझ्याकडे बघून हॉर्न दिला. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. बदकाच्या शर्टात, परक्या मुलखात, एकटीच. मला इतका आनंद झाला की हात फोनवर गेला. आधी ह्यांचाच नंबर काढला.

धाकटा: भाऊजींचा.

ताई: यादीत अजून वरच आहे तो. मग आठवलं. मग तुझा लावला.

धाकटा: आणि बंद का केलास?

ताई: तू फोन उचलून पहिलं काय म्हणतोस?

धाकटा: काय झालं?

ताई: तेच. आणि काही झालं नव्हतं. सगळं छान होतं. छान आहे म्हटलं असतं, तरी तू विचारलं असतंस, नक्की ना? म्हणून ठेवला. एकटी राहायला मला भीती वाटत नाही रे. छान काही झालं की ऐकायला माणूस नसतं, तेवढंच टोचतं.

(धाकटा फोन काढतो.)

धाकटा: हॅलो, हो, मीच. उद्या फ्लॅट बघायला येऊ नका. नाही, नाही, दुसऱ्या कुणाला दिला नाही. द्यायचाच नाहीये. ताई राहते तिथे.

ताई: माझ्या घराची, तुझ्याकडची किल्ली?

धाकटा: ही घे.

ताई: राहू दे तुझ्याकडेच. फक्त आधी बेल वाजवत जा. आणि पासपोर्ट करून घे आधी.

धाकटा: करतो. ताई…

ताई: आता काय?

धाकटा: शनिवारी फोन उचलला असं समज. सांग, कसं होतं ते तळं?