रिकाम्या जागा सोडा

...आणि वर मलाच विचारतात, "तू रिकामीच आहेस ना?" नाही, तुम्हीच मला सांगा, सकाळी सहा वाजता एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात मुलीची अर्धी वेणी आणि दातात तिची रिबीन धरून उभ्या असलेल्या बाईला हे विचारायचं धाडस माणसाला होतं कसं? आमच्या ह्यांना होतं. दारात, बूट घालता घालता. "अगं, तू रिकामीच आहेस ना, जरा माझी किल्ली बघ." आता दातात रिबीन असल्यावर बाई काय बोलणार? मी म्हटलं, "हं हं हंहं." त्यांनी ते 'हो' असं ऐकलं. सतरा वर्षं तसंच ऐकतायत.

तर तुम्हाला सांगते, हा 'रिकामी' शब्द माझ्या पाचवीला पुजलाय. मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. तिथे प्रश्नपत्रिकेत पहिला प्रश्न कायम ठरलेला, रिकाम्या जागा भरा. आणि घरी माझा एक छोटासा ब्लॉग आहे, वेब डिझाइनचा... म्हणजे वेबसाइटचं पान डोळ्यांना त्रास न होता कसं वाचता येईल, अक्षर केवढं ठेवायचं, बटण कुठे ठेवलं की अंगठा पोचतो, असलं सगळं. तिथे मी सहा वर्षं एकच गोष्ट घसा फोडून सांगतेय, की बाबांनो, रिकाम्या जागा सोडा. म्हणजे दिवसा भरा म्हणायचं आणि संध्याकाळी सोडा म्हणायचं. या भरा-सोडामध्ये डोकं ठिकाणावर राहील का माणसाचं?

वाचक किती म्हणाल, तर त्रेचाळीस. हसू नका. त्रेचाळीस म्हणजे एक वर्ग झाला, आणि हा वर्ग मधेच पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारत नाही. त्यातला एक जण स्वतःला 'सुतारपक्षी' म्हणवतो, तो कोण, कुठला, देव जाणे, पण दर शुक्रवारी लेख आला की पहिली प्रतिक्रिया त्याची. दर शुक्रवारी एक लेख. सहा वर्षांत एकही शुक्रवार चुकलेला नाही. मुलीला कांजिण्या आल्या त्या आठवड्यातही नाही. तेव्हा मी ठिपक्यांच्या मांडणीवर लिहिलं.

आणि हे लिहायला मला वेळ किती, तर आठवड्यातून एक तास. गुरुवारचा पाचवा तास. शिक्षक-खोलीच्या भिंतीवर वेळापत्रक लावलंय ना, त्यात माझ्या नावापुढे चौकोनच चौकोन, सगळे निळ्या शाईने गच्च भरलेले, आणि मध्ये हा एकच पांढरा. मी कधी कधी नुसती बघत बसते त्याच्याकडे. खरं सांगू का? बाकी दिवसभर मी कुणाची तरी कुणीतरी असते. सातवीच्या बाई, मुलीची आई, ह्यांची बायको, सासऱ्यांची सूनबाई. वाईट यातलं काहीच नाही, पण हे सगळं दुसऱ्याला धरून. त्या एका तासात मी कुणाचीच कुणी नसते, आणि त्यातच मला मी सापडते. तो तास गेला की ब्लॉग गेला, आणि ब्लॉग गेला की मीही गेले.

पण पांढरा चौकोन दिसला की आमच्या मोठ्या बाईंचा हात शिवशिवतो. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या गुरुवारी मी जरा कुठे वही उघडली, तर शिपाई मावशी बदली तासांचं रजिस्टर घेऊन हजर. "बाई, सही करा. पाचवा तास, आठवी 'क'. गणिताच्या सरांची दाढ दुखतेय." मी म्हटलं, "मावशी, माझा हा एकच तास आहे हो." मावशी म्हणाल्या, "मला काय सांगताय, मोठ्या बाई म्हणाल्या, त्या रिकाम्याच आहेत." केली सही. दाढ सरांची, कळ मला.

आता त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सातवीची दहा रिकाम्या जागांची चाचणी टाइप करून शाळेला पाठवायची, आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे लेखही द्यायचा. लेखाचा विषय काय असावा? रिकामी जागा. पानावर मोकळी जागा सोडणं का गरजेचं आहे, यावर दोन महिने मनात घोळत होतं माझ्या. बसले जेवणाच्या टेबलावर. आमच्याकडे कंप्युटर एकच, तो त्याच टेबलावर, एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला सासरे.

सासऱ्यांची एक वेगळीच तऱ्हा. ते चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्यामुळे त्यांना दोन गोष्टी सहन होत नाहीत, चुकलेली वेलांटी आणि कोरा कागद. माझ्या खांद्यावरून वाचतात आणि म्हणतात, "सूनबाई, ही खाली एवढी जागा सोडलीस, कागद काय झाडाला लागतो का?" मी म्हणते, "बाबा, हा कागद नाहीये." "कागद नसला म्हणून काय झालं, जागा ती जागा. आमच्याकडे पानाच्या तळाला चार ओळी उरल्या तर आम्ही पानपूरक टाकायचो. एखादं सुभाषित, एखादा विनोद, काकडीचे फायदे." मी मनात म्हटलं, बाबा, या घरातलं पानपूरक मीच आहे. जिथे चार ओळी उरतात, तिथे मला टाकतात.

तेवढ्यात ह्यांचा फोन. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. कुठेतरी कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की तोंडात घास असेल तसे उठतात. "माणूस अडकलाय गं, जातो. तू रिकामीच आहेस ना, तेवढी टाकीची मोटर बंद कर दहा मिनिटांनी." गेले. मी पण अडकलेय हो दोन मजल्यांच्या मध्ये, पण माझ्यात ते धोक्याचं बटण बसवायचं राहून गेलंय.

आणि घरचं झालं थोडं, म्हणून मुलगी आली. "आई, तू रिकामी आहेस का?" मी म्हटलं, "नाही." "मग रिकामी झालीस की मला ज्वालामुखी करून दे. उद्या न्यायचाय." उद्या! ज्वालामुखीसुद्धा आधी थोडा धूर सोडतो, कल्पना देतो. ही नाही. मग काय, एका हाताने खळ आणि रद्दीचा डोंगर, दुसऱ्या हाताने टाइप. 'वनस्पती हरितद्रव्याच्या मदतीने टिंबटिंब तयार करतात'... मोटर... 'रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे'... खळ गरम आहे, हात लावू नकोस... 'ध्वनी टिंबटिंबमधून प्रवास करू शकत नाही'... अगं मोटर!

दोन्ही कामं झाली. दोन्ही फायलींना नावं दिली. एकीचं नाव 'रिकाम्या जागा अंतिम'. दुसरीचं 'रिकाम्या जागा अंतिम खरंच'. आता हे नाव देताना बाई शुद्धीवर होती का, हे मला विचारू नका. एक शाळेत पाठवली, एक ब्लॉगवर लावली, सकाळी आपोआप दिसेल अशी, आणि मोटर बंद करायला धावले. गच्चीवरून धबधबा वाहत होता.

शुक्रवारी संध्याकाळी सासरे चष्मा पुसत म्हणाले, "सूनबाई, आजचा लेख चांगला होता हो. पहिल्यांदाच काहीतरी अर्थ होता. दहापैकी आठ आले मला." मी कणीक मळत होते. मी म्हटलं, "हो का बाबा, छान." बघा, माणूस दमला की काय होतं... माझं सहा वर्षांत कधी कौतुक न केलेला माणूस दहापैकी आठ आले म्हणतो, आणि मी विचारत नाही की बाबा, लेखात आठ कसे काय आले? शनिवारी ज्वालामुखीची खळ सांडलेली सोफ्याची खोळ धुतली, रविवारी वाळली नाही म्हणून पुन्हा धुतली, आणि सोमवारी चाचणी.

आमच्याकडे पद्धत अशी, की कारकून प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर शाळेचं नाव, वेळ एक तास, गुण वीस, एवढं चिकटवतो, छापतो आणि पाकिटात बंद करतो. खाली काय लिहिलंय ते वाचत नाही. गोपनीयता! मी त्या तासाला पाचवीवर पहारा करत होते आणि सातवीवर होते पी.टी.चे सर. तास संपता संपता शिपाई मावशी धापा टाकत आल्या. "बाई, सातवीत काहीतरी झालंय. अजिबात आवाज येत नाहीये."

गेले. तुम्हाला सांगते, बारा वर्षांत मी अशी सातवी पाहिली नव्हती. सगळी मुलं हाताची घडी घालून, ताठ, गप्प. समोर कोऱ्या उत्तरपत्रिका. मी पेपर उचलला. वर 'गुण वीस'. खाली माझा लेख! पहिलं वाक्य, 'रिकामी जागा भरण्याचा मोह टाळा.' दुसरं, 'जे गरजेचं नाही, ते लिहू नका.' पी.टी.चे सर अभिमानाने म्हणाले, "एकाने विचारलं, सर, काय करायचं? मी म्हटलं, पेपरात लिहिलंय तसं करायचं, मान खाली." पहिल्या बाकावरची हुशार मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, मी चुकून एक शब्द लिहिला होता. पण खोडलाय."

आणि मग मला आठवलं, दहापैकी आठ. अरे देवा! पेपर इथे नाही, म्हणजे पेपर कुठे आहे? व्हरांड्यात जाऊन फोन उघडला. माझ्या ब्लॉगवर तीन दिवस सातवीची विज्ञानाची चाचणी लटकत होती. खाली अकरा प्रतिक्रिया. एरवी तीनच्या वर कधी जात नाहीत हो! सुतारपक्षी लिहितो, 'काय प्रयोग केलात बाई! मोकळी जागा सोडून वाचकालाच लेख पूर्ण करायला लावलात. ता.क. चौथ्याचं उत्तर निर्वात पोकळी का?' पेपर ताबडतोब काढून टाकला. म्हटलं, नोकरी गेली. आता खरंच रिकामी होणार मी.

मोठ्या बाईंनी बोलावलं. माझा पेपर, म्हणजे लेख, हातात. चष्मा नाकावर. मी उभी. सगळं खरं सांगून टाकलं... दोन फायली, ज्वालामुखी, मोटर, ब्लॉगवर फुटलेला पेपर, सगळं. त्या वाचत होत्या. मग मोठ्याने वाचलं, "'ज्या पानावर श्वास घ्यायला जागा नाही, तिथे वाचणारा थांबत नाही. माणसाच्या दिवसाचंही तसंच असतं.' हे तुम्ही लिहिलंत?" मी म्हटलं, "हो." "कधी?" मी म्हटलं, "वेळ मिळेल तसं." त्यांच्या खोलीतही तेच वेळापत्रक भिंतीवर आहे, त्याकडे त्या बघायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "पटलं मला. आपण कुणी हा विचारच करत नाही."

खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. सहा वर्षांत कुणी समोरासमोर हे म्हटलं नव्हतं मला. म्हटलं, आता म्हणतील, बाई, तुमचा गुरुवारचा तास यापुढे कुणी घेणार नाही. त्यांनी वेळापत्रक भिंतीवरून काढलं, टेबलावर ठेवलं, पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा तास." मी म्हटलं, "हो, बाई." म्हणाल्या, "तुमच्यात एवढी कला आहे आणि शाळेला वेबसाइट नाही, हे बरं दिसतं का? दर गुरुवारी पाचव्या तासाला तुम्ही शाळेची वेबसाइट करा." आणि त्यांनी पेन्सिल नाही हो, पेन उचललं. निळ्या शाईने चौकोन भरून टाकला. वर म्हणाल्या, "एक मात्र बघा, पानावर कुठे रिकामी जागा दिसता कामा नये, पालकांना वाटेल शाळेत काही होतच नाही. आणि नवीन पेपर काढा, शनिवारी फेरपरीक्षा घेऊ, तपासूनही शनिवारीच द्या. रिकाम्याच आहात ना तुम्ही?"

तोंडात रिबीन नव्हती, तरी मी म्हटलं, "हं."

पुढचा गुरुवार गेला वेबसाइटमध्ये, संध्याकाळ गेली नव्या पेपरात. शुक्रवार उजाडला, लेख नाही. एक ओळ नाही. पण सहा वर्षांत शुक्रवार चुकला नव्हता, तो चुकवायचा कसा? मग मी वर शीर्षक टाकलं, 'रिकामी जागा'. आणि खाली काही नाही. पांढरं पान. तसंच लावून दिलं आणि डबे भरायला घेतले.

सासरे चष्मा पुसत म्हणाले, "सूनबाई, मुद्रितात एकही चूक नाही." सुतारपक्षी म्हणाला, 'आजवरचा तुमचा सर्वोत्तम लेख.' आणि त्रेचाळीसचे चव्वेचाळीस झाले हो, सहा वर्षांनी एक वाचक वाढला! चव्वेचाळीसावा कोण म्हणून उत्साहाने बघायला गेले, तर मोठ्या बाई. खाली लिहिलं होतं, 'छान. इथे बरीच जागा रिकामी दिसते. आपल्या शाळेच्या प्रवेशाची जाहिरात बसेल का?'

मी कळवलं, बसेल.